बॅकअपचा भरवसा: एक्स्टर्नल डिस्क, नॅस की क्लाउड?

बॅकअपची पद्धत निवडताना आपण साठवणुकीची जागा आणि खर्च पाहतो. भरवसा मात्र दोन वेगळ्याच गोष्टींवर ठरतो: यंत्रणा बंद पडली तर ते आपल्याला वेळीच कळते का, आणि फाइली किती वेळात परत मिळतात.

वेळेच्या बाबतीत एक्स्टर्नल हार्ड डिस्क सरस आहे. 2 टेराबाइट डेटा सेकंदाला 150 मेगाबाइट वेगाने पावणेचार तासांत परत येतो, तर तोच 100 मेगाबिटच्या जोडणीवरून क्लाउडमधून उतरवायला किमान 44 तास लागतात. डिस्कची अडचण अशी, की ती सतत जोडलेली ठेवली तर रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा घातक प्रोग्राम) तिच्यावरील फाइलीही निकामी करू शकते आणि काढून ठेवली तर बॅकअप घ्यायचाच राहून जातो.

नॅस, म्हणजे नेटवर्कला जोडलेली, अनेक संगणकांना वापरता येणारी डिस्कांची पेटी. तिच्याबद्दल गैरसमज फार. रेड 1 मध्ये, म्हणजे दोन डिस्कांवर तोच डेटा एकाच वेळी लिहिण्याच्या रचनेत, एक डिस्क गेली तरी काम अडत नाही, परंतु चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कांवरून त्याच क्षणी जाते. म्हणून रेड म्हणजे बॅकअप नव्हे. स्नॅपशॉट (फाइलींच्या ठरावीक वेळच्या स्थितीच्या, त्याच नॅसवर राहणाऱ्या नोंदी) चालू असतील तर पुसलेली फाइल वाचते, पण आग किंवा चोरीपुढे तेही निरुपयोगी ठरतात.

क्लाउडमध्ये आधी सिंक आणि बॅकअप यांतला फरक तपासावा. सिंक म्हणजे सगळ्या उपकरणांवरच्या फाइली सतत एकसारख्या ठेवणे; ते आपली चूकही इमानेइतबारे सगळीकडे पोहोचवते. बॅकअप सेवेत जुन्या आवृत्त्या किती दिवस राहतात, हे पाहावे.

बॅकअप बंद पडल्याचे कळण्याचा प्रश्न तिन्हींना लागू आहे आणि तोच सर्वांत अवघड. 31 जानेवारी 2017 रोजी गिटलॅबचा (प्रोग्रामरांचा कोड साठवणाऱ्या ऑनलाइन सेवेचा) मुख्य डेटाबेस चुकून पुसला गेला, तेव्हा रोजच्या बॅकअपची जागा रिकामी निघाली: बॅकअप घेणाऱ्या प्रोग्रामची आवृत्ती डेटाबेसशी जुळत नव्हती आणि तो अपयशी ठरत असल्याच्या ईमेल परस्पर नाकारल्या जात होत्या. एका अभियंत्याने वेगळ्याच कामासाठी सुमारे 6 तास आधी घेतलेली प्रत होती, म्हणून नुकसान तेवढ्या तासांपुरते राहिले. त्यामुळे ‘बॅकअप पूर्ण’ या हिरव्या खुणेवर मी विसंबत नाही. दर तीन महिन्यांनी एक फोल्डर दुसऱ्या संगणकावर उतरवून त्यातील फाइलींचे एसएचए-256 चेकसम (फाइलीतील मजकुरावरून काढलेली, जराही बदल झाला तर बदलणारी खूण) मूळ फाइलींशी ताडून पाहतो.

एकट्याने काम करणाऱ्याने एरवी काढून ठेवलेली डिस्क आणि जुन्या आवृत्त्या जपणारा क्लाउड ही जोडी घ्यावी. अनेकांना त्याच फाइलींवर काम करायचे असेल तर नॅस जरूर घ्यावा, मात्र त्याचा बॅकअप कुठे जाणार हे आधी ठरवून.