आरव्हीच्या गॅसवर पोर्टेबल जनरेटर: क्विक कनेक्ट, टी, की सरळ वेगळा सिलिंडर?

आरव्हीत (राहायची सोय असलेल्या गाडीत) प्रोपेन गॅस असतोच, ड्युअल फ्युएल (पेट्रोल आणि गॅस दोन्हीवर चालणारा) जनरेटर पण प्रोपेनवर चालतो, मग पेट्रोलचे कॅन कशाला वागवायचे, हे सगळ्यांच्याच डोक्यात येतं आणि त्यात चूक काही नाही. पेट्रोल काही महिने पडून राहिलं की कार्बुरेटर चिकटतो, प्रोपेन वर्षानुवर्षं तसाच्या तसा राहतो, शिवाय इंजिन ऑइल पण कमी काळं होतं. गॅस नेमका कुठून घ्यायचा, इथे मात्र घोडं पेंड खातं.

आधी दाबाचं समजून घ्या, मग बाकी सगळं सोपं आहे. ३८ डिग्रीच्या उन्हात सिलिंडरमधला दाब १७० पीएसआयच्या (पाउंड प्रति चौरस इंच, दाबाचं एकक) आसपास असतो. अमेरिका-कॅनडातल्या आरव्हीचा रेग्युलेटर तो ११ इंच वॉटर कॉलमवर (११ इंच उंच पाण्याच्या स्तंभाएवढ्या दाबावर) उतरवतो, म्हणजे जेमतेम ०.४ पीएसआय, आणि शेगडी, फ्रिज, फर्नेस (आत ऊब देणारा हीटर) सगळं एवढ्याशा दाबावर मजेत चालतं. पण ड्युअल फ्युएल जनरेटरबरोबर कंपनीचा जो पाइप येतो तो सिलिंडरला लावायचा असतो, त्याचा रेग्युलेटर (कधी पाइपवर असतो, कधी जनरेटरच्या अंगावर) सिलिंडरचा पूर्ण दाब येणार असं धरूनच बनवलेला असतो. म्हणून कुठलाही जुगाड बघितला की मी एकच विचारतो, दाब कोण उतरवतंय आणि दोनदा तर उतरत नाहीये ना?

क्विक कनेक्ट म्हणजे बाहेरच्या ग्रिलसाठी आरव्हीच्या कडेला दिलेलं ते छोटं तोंड. दिसायला हे सगळ्यात सोपं, म्हणून सगळे आधी इथेच जातात, मीही गेलो. अडॅप्टर आणला, जनरेटरचा पाइप त्याच्या रेग्युलेटरसकट तिथे लावला, दोरी ओढली आणि पहिल्याच झटक्यात सुरू! दहा मिनिटं मी स्वतःवर जाम खूश होतो. मग आतून कोणीतरी मायक्रोवेव्ह लावला, इंजिनाचा आवाज खोल गेला, दोनदा खोकला आणि बंद. परत सुरू केला, परत तेच, मायक्रोवेव्ह काढला की ठणठणीत. जनरेटर खराब नव्हताच. ०.४ पीएसआयवर आलेला गॅस दुसऱ्या रेग्युलेटरमधून जात होता, तेवढ्या दाबात त्यातून पुरेसा गॅस पुढे सरकत नाही, आयडलला (लोड नसताना) भागतं आणि लोड आला की उपासमार. काही जण मग जनरेटरचा रेग्युलेटरच काढून टाकतात, त्यात वॉरंटी जाते आणि नंतर कोणी तोच जनरेटर थेट सिलिंडरला लावला तर काय होईल याचा विचारच नको.

पण क्विक कनेक्ट वाईट असं मी म्हणणार नाही. पेट्रोलच्या जनरेटरला किट बसवून प्रोपेनवर आणला असेल आणि त्या किटमध्ये डिमांड रेग्युलेटर असेल (इंजिन ओढेल तेवढाच गॅस सोडणारा, इंजिन थांबलं की आपोआप बंद होणारा), तर त्याला नेमका हाच ११ इंचाचा गॅस लागतो आणि तिथे क्विक कनेक्टच बरोबर. फक्त पाइप ३/८ इंचाचा तरी घ्या आणि होईल तेवढा आखूड ठेवा, कमी दाबाचा गॅस लांब आणि बारीक पाइपमध्ये आणखी दाब गमावतो. आणि फर्नेस त्याच लाइनवर आहे हे विसरू नका, ती एकटीच तासाला ३० ते ४० हजार बीटीयू (उष्णतेचं एकक) ओढते, त्यामुळे दिवसा छान चाललेला जनरेटर रात्री फर्नेस लागली की कुरकुरायला लागतो.

टीचा मार्ग म्हणजे आरव्हीच्या रेग्युलेटरच्या आधी, टाकी आणि रेग्युलेटरच्या मध्ये पितळी टी (तीन तोंडांचा जोड) बसवायचा आणि तिथून पूर्ण दाबाचा गॅस घ्यायचा. जनरेटर कंपनीच्याच पाइप-रेग्युलेटरवर चालतो, त्याच्या दृष्टीने तो सिलिंडरलाच जोडलेला असतो, त्यामुळे लोड आला तरी हू की चू नाही. मोटरहोमला (स्वतःचं इंजिन असलेल्या आरव्हीला) टाकी कायमची बसवलेली असते, काढून बाजूला ठेवता येत नाही, त्यांच्यासाठी मला हाच पर्याय पटतो. मात्र जास्तीचा पाइप हाय प्रेशर रेटिंगचाच हवा, बार्बेक्यूचा कमी दाबाचा पाइप इथे अजिबात नको, पाइप आरव्हीच्या आतून न्यायचा नाही, आणि निघायच्या आधी पाइप काढून टीच्या तोंडावर कॅप लावायची. लावताना प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी टाकून बुडबुडे बघायचे, याला आळस नाही.

वेगळा सिलिंडर हा सगळ्यात कंटाळवाणा पर्याय आणि माझं मत विचाराल तर ट्रेलरवाल्यांसाठी (गाडीमागे ओढायची आरव्ही असलेल्यांसाठी) सगळ्यात शहाणा. कारण आहे कार्बन मोनॉक्साइड, इंजिनाच्या धुरातला विषारी वायू. जनरेटर राहत्या जागेपासून निदान २० फूट लांब ठेवायचा, धूर आपल्या आणि शेजारच्याही खिडक्यांच्या उलट दिशेला, आणि प्रोपेन स्वच्छ जळतो म्हणून हे लागू नाही असं समजू नका, मोनॉक्साइड त्यातूनही येतो. आता २० फूट लांब जनरेटर म्हणजे एकतर २० फूट गॅसचा पाइप जमिनीवर लोळणार, कोणी अडखळणार, किंवा गॅस जनरेटरजवळ आणि लांब फक्त वायर. मला वायर परवडते. सिलिंडर एक्झॉस्टपासून दूर, सरळ उभा ठेवायचा, खड्ड्यात नाही, प्रोपेन हवेच्या दीडपट जड असतो आणि गळला तर खाली साचतो.

आता गॅस किती जातो ते. एक पाउंड प्रोपेनमध्ये साधारण २१,५०० बीटीयू. छोट्या जनरेटरची कार्यक्षमता २० टक्के धरली तर १६०० वॉट काढायला तासाला सव्वा पाउंड लागतो, म्हणजे २० पाउंडचा (९ किलोचा) सिलिंडर सोळा तासांत रिकामा. जाहिरातीत ३४ तास लिहिलेलं दिसतं ते पाव लोडचं असतं, फोन-लॅपटॉप आणि दोन दिवे. आरव्हीच्याच टाकीतून घेतलं तर हे सगळं तुमच्या स्वयंपाकाच्या आणि थंडीतल्या गरमीच्या गॅसमधून जातं, पहाटे फर्नेस बंद पडली की हिशोब चांगला लक्षात येतो. आणि मोटरहोमची टाकी भरायची तर अख्खं घर उचलून गॅस भरायला जायचं, हे वेगळंच.

पॉवर पण थोडी कमी मिळते, साधारण दहा टक्के. चॅम्पियन कंपनीच्या २५०० वॉटवाल्या इन्व्हर्टर जनरेटरवर पेट्रोलला १८५० रनिंग (सतत मिळणारे) वॉट आणि प्रोपेनला १६६५ लिहिलेत. उंचावर दर हजार फुटाला अजून तीन-साडेतीन टक्के जातात, पेट्रोल असो की गॅस. छतावरचा १३,५०० बीटीयूचा एसी चालताना १५०० वॉटच्या आसपास घेतो आणि सुरू होताना कितीतरी जास्त, त्यामुळे एसीसाठी घेत असाल तर सॉफ्ट स्टार्ट (सुरू होतानाचा झटका कमी करणारं उपकरण) लावा नाहीतर मोठा जनरेटर घ्या. आणि एसी हीच मुख्य गरज असेल तर पेट्रोलवर राहण्यातही कमीपणा काही नाही.

थंडीत अजून एक गंमत. गॅस भराभर ओढला की सिलिंडर स्वतःच थंड होतो, बाहेरून बर्फाची पट्टी दिसते, दाब पडतो आणि जनरेटर मरतो, वजन करावं तर सिलिंडर अर्धा भरलेला! मोठ्या टाकीत हे कमी होतं, तिथे टीवाल्यांचा फायदा.

आणि नवा सिलिंडर लावला, व्हॉल्व उघडला तरी जनरेटर नुसताच धापा टाकतोय असं झालं तर रेग्युलेटर बदलायला धावू नका. हाताने फिरवून लावायच्या जोडामध्ये गळतीसाठी एक सेफ्टी असते, रिकाम्या पाइपवर व्हॉल्व झटकन उघडला की तिला पाइप फुटलाय असं वाटतं आणि ती गॅस अडवते. व्हॉल्व बंद करा, मिनिटभर थांबा, मग अगदी हळू उघडा.