इंटेल एएक्स२१०: एका म्यानात दोन तलवारी

लॅपटॉपचं वायफाय बदलायला इंटेल एएक्स२१०, म्हणजे वायफाय आणि ब्लूटूथ दोन्ही देणारं हे एकच कार्ड, घ्यावं का? लिनक्सचा कर्नल (सिस्टिमचा गाभा) ५.१० किंवा त्यानंतरचा असेल तर खुशाल घ्या. फक्त राउटर २.४ गिगाहर्ट्झवर ठेवून कार्डाला शिव्या घालू नका.

यातलं वायफाय पीसीआय एक्सप्रेसवर (मदरबोर्डच्या कार्ड-जोडणीवर) चालतं, ब्लूटूथ यूएसबीवर. म्हणून डेस्कटॉपमध्ये अडॅप्टरवर बसवताना सोबतची बारीक वायर मदरबोर्डच्या ९ पिनी यूएसबी हेडरला (बोर्डवरच्या पिनांच्या जोडणीला) लावावीच लागते. ती राहिली की वायफाय झकास, ब्लूटूथ गायब, आणि माणूस रात्रभर ड्रायव्हर शोधत बसतो. अँटेनाचे कनेक्टर एमएचएफ४ मापाचे आहेत. मिनी पीसीआय काळातले मोठे कनेक्टर यावर बसत नाहीत. दाबून बघाल तर सॉकेटच उखडेल.

खरी कसोटी ब्लूटूथ हेडफोनवर, कारण ब्लूटूथही २.४ गिगाहर्ट्झच्याच पट्ट्यात चालतं. गाण्यांना बफर (आधीच भरून ठेवलेला साठा) असतो, डेटाचं पाकीट जरा उशिरा आलं तरी खपून जातं. कॉलचं तसं नाही. आवाजाला ठरलेली वेळ राखून ठेवावी लागते. ब्लूटूथवर आवाज पाठवायच्या जुन्या एचव्ही३ पद्धतीत तर दर ३.७५ मिलिसेकंदांनी. तेवढा वेळ ड्रायव्हर आणि फर्मवेअर (कार्डाच्या आतलं सॉफ्टवेअर) वायफायला अडवून धरतात, म्हणून २.४ वर वेग पडतो. हा बिघाड नव्हे, वाटणी आहे.

यावर सर्रास सांगितला जाणारा तोडगा म्हणजे आयडब्ल्यूएल-वायफाय (iwlwifi) या लिनक्स ड्रायव्हर मॉड्यूलचं ‘बीटी कोएक्स ॲक्टिव्ह’ (bt_coex_active), म्हणजे ही वाटणी सांभाळणारी सेटिंग, बंद करणं. स्पीडटेस्टचा आकडा फुगतो खरा, पण वायफाय ब्लूटूथची पर्वा न करता पाठवत सुटतं. मग कॉल तुटतो, माउस अडखळतो. चालूच ठेवा.

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या अपार्टमेंटात भिंतीला भिंत लागून राउटर. ब्लूटूथ ७९ चॅनेलांवर सेकंदाला १६०० उड्या मारतं, गर्दीचे चॅनेल टाळतं, पण त्याला किमान २० तरी लागतात. राउटरच्या चॅनेलची रुंदी ४० मेगाहर्ट्झ असेल तर मोकळी जागा उरणार कुठे? रुंदी २० करा. राउटरचा चॅनेल १, ६ किंवा ११. त्याहून बरं, ५ गिगाहर्ट्झवर जा. लिनक्सच्या ‘आयडब्ल्यू’ (iw) कमांडने लिंकची फ्रिक्वेन्सी बघा: २४१२ ते २४७२ मेगाहर्ट्झ दिसलं तर अजून २.४ वरच आहात, ५१८० म्हणजे चॅनेल ३६. मंगळवार पेठेत जुन्या घराच्या जाड भिंतीपलीकडे ५ गिगाहर्ट्झ दम टाकतं. तिथे लॅन केबल ओढून आतल्या खोलीत दुसरा ॲक्सेस पॉइंट (वायफाय देणारा डबा) लावा.

एवढं करूनही यूएसबी ३ ची हार्डडिस्क जोडताच माउस अडखळला, तर दोष कार्डाचा नाही. त्या पोर्टचा आणि केबलचा गोंगाट २.४ च्या पट्ट्यातच येतो आणि तो ड्रायव्हरला आवरत नाही. चांगल्या शील्डिंगची केबल घ्या, डिस्क हातभर लांब ठेवा.