कॉन्फरन्सला जायचं कसं: बस-मेट्रोने की सायकलने?

मुक्कामापासून सभागृह दीड-दोन किलोमीटरवर असेल तर हे वाचू नका, सरळ चालत जा. पंधराच्या पुढे असेल आणि सायकलची रोजची सवय नसेल, तर तुमचा निर्णय झालेलाच आहे. घोळ होतो तो मधल्या अंतराचा, चार ते आठ किलोमीटरचा. तिथे दोन्हींना साधारण सारखाच वेळ लागतो आणि माणूस आयोजकांनी पाठवलेलं 'कसे पोहोचाल' हे पान तीन-तीनदा वाचत बसतो. मीही बसलोय. गेल्या काही वर्षांत दोन्ही प्रकारे ये-जा केली, एका कॉन्फरन्सला तर तीन दिवस तीन तऱ्हांनी गेलो. त्यातून जे मत बनलं ते सांगतो. घड्याळ लावून काही मोजलेलं नाही.

आधी एक फरक लक्षात घ्या. हा रोजचा ऑफिसचा प्रवास नव्हे. ऑफिसचा रस्ता पायाखालचा असतो, पाच मिनिटं उशीर झाला तरी निभावतं, निघायची वेळ ठरलेली असते. कॉन्फरन्सचं गणित वेगळं. रस्ता अनोळखी, सकाळी नावनोंदणीच्या रांगेसाठी वेळेआधी पोहोचायचं, आणि संध्याकाळी नेमकं किती वाजता सुटणार हे खुद्द आयोजकांनाही ठाऊक नसतं.

सकाळचा डाव मी बिनतक्रार बस-मेट्रोला देतो, विशेषतः पहिल्या दिवशीचा. कपडे इस्त्रीचे असतात, डोक्यात आपल्या स्लाइड घोळत असतात. उभ्याउभ्या का होईना, त्या एकदा डोळ्यांखालून घालता येतात. शिवाय गळ्यात पट्टा अडकवलेले दोन-चार जण डब्यात दिसतातच. स्टेशनच्या कोणत्या दारातून बाहेर पडायचं ते त्यांच्या मागे जाऊन कळतं. (एकदा असाच एकाच्या मागे गेलो आणि दंतवैद्यांच्या परिषदेत पोहोचलो. पट्ट्याचा रंग तोच होता.)

ॲपवर मार्ग बघताना मात्र एक काळजी घ्या. बहुतेक शहरांची वेळापत्रकं ॲपमध्ये येतात ती जीटीएफएस नावाच्या एका ठरावीक साच्यातून. अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या ट्रायमेट या वाहतूक संस्थेने आणि गूगलने मिळून २००५ साली त्याची सुरुवात केली, आता तो जगभर चालतो. त्या साच्यात कोणती फेरी कोणत्या वारी धावते हे वेगवेगळं नोंदलेलं असतं. कॉन्फरन्स पुष्कळदा शनिवार-रविवारला चिकटून येते आणि आपण मात्र मंगळवारी घरी बसून 'आत्ता निघालो तर' असा मार्ग बघतो. मंगळवारी दर सात मिनिटांनी दिसणारी बस रविवारी अर्ध्या तासाने असू शकते. तेव्हा तारीख-वेळ घालून बघा, आणि जाण्याबरोबर येण्याचाही मार्ग बघा. येण्याचा कुणी बघत नाही.

आता थांब्यावरचं थांबणं. 'दर दहा मिनिटांनी बस' म्हणजे सरासरी पाच मिनिटं थांबावं लागेल, हे खरं, पण बस घड्याळाच्या काट्यावर आल्या तरच. एक बस जरा मागे पडली की पुढच्या थांब्यावर जास्त माणसं जमतात, ती चढेपर्यंत बस आणखी मागे पडते, आणि तिच्यामागची अर्धी रिकामी धावत येऊन तिला चिकटते. मग वीस मिनिटं शुकशुकाट आणि पाठोपाठ दोन गाड्या. फेऱ्या अगदीच अनियमित झाल्या तर सरासरी अंतर दहाच मिनिटांचं असूनही आपलं सरासरी थांबणं पाचाऐवजी दहा मिनिटांवर जातं. कारण सोपं आहे: आपण थांब्यावर पोहोचतो ते लांबलचक खंडात सापडण्याचीच शक्यता जास्त. मेट्रोला हा रोग कमी, तिचा रूळ तिचाच असतो. म्हणून माझा ढोबळ हिशेब असा: एकाच मेट्रोने थेट जाता येत असेल तर छानच. मेट्रोतून उतरून बस धरायची असेल तर वीस मिनिटं जास्तीची धरायची. बसमधून उतरून पुन्हा बस असेल तर मी सायकल काढतो.

सायकल म्हटलं की पहिला प्रश्न घामाचा. प्रश्न खरा आहे, फक्त घाम चालवताना फारसा जाणवत नाही, तो उतरल्यावर फुटतो. स्नायूंची कार्यक्षमता २०-२५ टक्क्यांच्या घरातली. पेडलवर १०० वॅट पोहोचवायचे तर अंगात तीन-चारशे वॅटची उष्णता तयार होते. सायकल चालू असते तोवर समोरचा वारा ती उडवून नेतो. उतरून, कुलूप लावून बंद दालनातल्या रांगेत उभं राहिलं की वारा थांबतो, आतली गरमी मात्र बाहेर येतच राहते. नावाची पट्टी शोधून देणाऱ्या मुलीसमोर आपण बाहीने कपाळ पुसत असतो.

यावर मला साधलेला उपाय म्हणजे हळू चालवणं. ऐकायला बावळट वाटेल, पण हवेला सारायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ताशी वीसऐवजी पंधराने गेलात तर हवेपायी लागणारी ताकद निम्म्याहूनही कमी होते, आणि सहा किलोमीटरला वेळ जास्त लागतो तो फक्त सहा मिनिटं. तेवढी सहा मिनिटं आधी निघा. सोबत अंगात जुना टी-शर्ट, शर्ट बॅगेत, आणि रांगेत लागण्यापूर्वी पाच मिनिटं बाहेरच्या सावलीत उभं राहणं. कपडे बदलायला अपंगांसाठीचं स्वच्छतागृह अडवू नका, एवढी विनंती. सगळे सायकलवाले तेच करतात आणि ते बरं दिसत नाही. इलेक्ट्रिक सायकल असेल तर हे सगळं सोडून द्या. युरोपच्या नियमात बसणारी, म्हणजे २५० वॅटची आणि ताशी २५ किलोमीटरला मदत थांबवणारीसुद्धा या कामाला भरपूर झाली.

सामानाचं म्हणाल तर लॅपटॉपचं जमतं. पाठीवर घेतला तर पाठ भिजते, कॅरिअरला लावला तर खड्ड्यांत हादरे बसतात. मी कॅरिअरच्या बॅगेत बदलायच्या कपड्यांच्या घडीत गुंडाळून नेतो, आजवर काही झालेलं नाही. जमत नाही ते पोस्टरचं, म्हणजे आपलं काम मांडलेल्या मोठ्या छापील तक्त्याचं. ए-झीरो आकार म्हणजे ८४१ बाय ११८९ मिलिमीटर, गुंडाळलं तरी नळी ८४ सेंटिमीटरहून लांब. पाठीवर तिरकी अडकवली की तिचं वरचं टोक हेल्मेटशेजारी येतं आणि मागची गाडी बघायला मान वळवली की टक् करून लागतं. आडवी कॅरिअरला बांधली तर ती हँडलपेक्षा रुंद होते. मी तसं एकदा केलंय. हँडल फाटकातून गेलं म्हणून मीही निर्धास्त गेलो, नळीचं झाकण खांबाला लागून उडालं आणि पोस्टरच्या कडेला कायमची मुरड पडली. दिवसभर एक निष्कर्ष वाकलेलाच राहिला. हल्ली कापडावर छापून, घडी करून आणतात ते शहाणे. कागदाचं असेल तर त्या दिवशी मेट्रोच.

इथपर्यंत वाचून वाटेल की मी बस-मेट्रोच्या बाजूचा आहे. सकाळपुरता आहेच. माझा निर्णय झाला तो संध्याकाळी.

एका तीन दिवसांच्या कॉन्फरन्सला मी तिन्ही दिवस बसने जाणार होतो, थांबा अगदी फाटकासमोर. दुसऱ्या दिवशी शेवटचं सत्र सव्वापाचला संपायचं ते पावणेसहाला संपलं. बाहेर पडताना एक बाई भेटल्या, त्यांचं काम मी तीनेक वर्षं वाचत आलो होतो. मी आदल्या वर्षापासून साठवलेला प्रश्न विचारला. त्यांना तो आवडला असावा, कारण त्यांनी कार्यक्रमपत्रिका उलटी केली, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली आणि पाठकोऱ्या बाजूवर आकृती काढायला घेतली. माझी बस होती ६.१० ची आणि त्यानंतरची ६.५० ला, संध्याकाळी फेऱ्या विरळ होतात तशा झालेल्या. मी मोबाईल बघितला. चोरूनच, खिशातून अर्धा वर काढून. थोड्या वेळाने पुन्हा बघितला. या वेळी त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि अगदी आपुलकीने म्हणाल्या, "तुम्हाला निघायचं असेल." मी "छे छे" म्हणालो, पण आकृती तिथेच राहिली. ६.१० ची बस ६.२२ ला आली.

दोष बसचा आहे असं कसं म्हणू? पुढची धरायची होती, चूक माझीच. पण ही चूक मी नंतरही केली, आणि थांब्यावर माझ्यासारखेच धावत आलेले चेहरे बघून वाटलं की बरेच जण करत असावेत. परतीची गाडी ठरलेली असली की शेवटच्या तासात डोक्याचा एक कोपरा तिच्यापाशी जाऊन बसतो. कॉन्फरन्सचा सगळ्यात मोलाचा वेळ कुठला, तर सत्रं संपल्यानंतरचा, माणसं पायऱ्यांवर रेंगाळतात तो. नेमका तोच वेळ थांब्यावरच्या रांगेत जातो. भरीला सभागृह एकदम सुटतं, चारशे माणसं एकाच बसकडे वळतात, आणि वेळेत आलेल्या बसमध्येही पाय ठेवायला जागा नसते.

पुढच्या वर्षी सायकल नेली. त्या संध्याकाळी मी किती वाजता निघालो ते मला आठवत नाही. रखवालदाराने एकेक दिवा बंद करायला घेतला तेव्हा उठलो, एवढं आठवतं. सायकल स्टँडला होती तिथेच होती, सीटवर थोडं दव पडलेलं.

स्टँडवरून आठवलं. सायकल हाच विषय असलेली वेलो-सिटी परिषद १९८० साली जर्मनीतल्या ब्रेमेनला पहिल्यांदा भरली, तिच्यासारख्या ठिकाणी स्टँड कुठे हे विचारावं लागत नसणार. बाकी विषयांच्या परिषदांमध्ये लागतं. गाड्यांचं पार्किंग नकाशात मोठ्ठं दाखवलेलं असतं, सायकलचं विचारलं की फाटकावरचा माणूस मागच्या फाटकावर पाठवतो आणि मागचा पुढच्या. आयोजकांना आधी एका ओळीचं ईमेल टाकून ठेवलं आणि आलेलं उत्तर फाटकावर दाखवलं की काम होतं. कुलूप दणकट घ्या आणि मागचं चाकही त्यात अडकवा. सायकल दहा तास एका जागी उभी राहणार आहे.

स्वतःची सायकल परगावी नेणं कटकटीचं, हे मान्य. शहरात भाड्याच्या सायकली असतील तर चांगलंच, पण त्यांची जागा ठरावीक स्टँडवरच असेल तर सकाळी सभागृहाजवळचा स्टँड भरलेला सापडू शकतो आणि संध्याकाळी तोच रिकामा. सगळे एकाच वेळी एकाच दिशेला निघाले की दुसरं काय होणार. अशा वेळी एक स्टँड अलीकडे सोडून चालत जा. घडीची सायकल हा माझ्या मते सगळ्यात सोयीचा मार्ग. सोळा इंची चाकांची, अकरा-बारा किलोची, घडी घातली की टेबलाखाली मावणारी. मोठी सायकल गर्दीच्या वेळी घेऊ न देणाऱ्या कितीतरी गाड्यांमध्ये ती सामान म्हणून चालते. म्हणजे सकाळी मेट्रो आणि संध्याकाळी सायकल, दोन्ही हाताशी. महाग असते, आणि उचलून जिने चढताना त्या बारा किलोंचे वीस होतात.

पाऊस पडत असेल, रस्त्यावर ट्रक सुसाट जात असतील, किंवा अनोळखी शहरात रात्री एकट्याने सायकल चालवायला मन कचरत असेल, तर माझ्या पायऱ्यांवरच्या गप्पा बाजूला ठेवा आणि मेट्रोने या. मी स्वतः मुसळधार पावसात सायकल काढत नाही. पुढचे दिवे मिणमिणते असतील तर रात्रीही नाही. पण आभाळ मोकळं आहे, अंतर सहा-सात किलोमीटरचं आहे आणि केवळ घामाच्या भीतीने अडलं असेल, तर एक दिवस सायकलने जाऊन बघा. तो दिवस शेवटचा ठेवू नका, शेवटच्या दिवशी सगळेच पळायच्या घाईत असतात. मधला बरा.

पुढच्या महिन्यात माझी एक कॉन्फरन्स आहे. पहिल्याच दिवशी पोस्टर आहे, तेही कागदाचंच, म्हणून सकाळी मेट्रोने जाणार. आदल्या संध्याकाळी सायकलने जाऊन रस्ता बघून ठेवायचा, सायकल तिथेच आतल्या स्टँडला लावायची आणि मेट्रोने परत यायचं असं ठरवलंय. आयोजकांना ईमेल टाकलं होतं. रात्रभर सायकल का ठेवायची आहे, हे त्यांनी दोनदा विचारलं.