एम.ए. अर्थशास्त्रानंतर काय? साडेचार हजारांच्या समुपदेशनाचा हिशेब

गेल्या डिसेंबरात मुलीला घेऊन मी छत्रपती संभाजीनगरच्या एका करिअर समुपदेशन केंद्रात दोन वेळा जाऊन आलो. मुलगी अर्थशास्त्रात एम.ए. झालेली आहे आणि मी परभणी जिल्ह्यातल्या सेलूच्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करून रुईच्या गाठी बांधणाऱ्या कारखान्यात, मुनीम आहे. निकाल लागल्यापासून घरी येणारा प्रत्येक पाहुणा तिला बी.एड. कर किंवा बँकेच्या परीक्षा दे, एवढेच सांगत होता, आणि त्यापलीकडे या पदवीचे नेमके काय होते हे आम्हा दोघांनाही नीट माहीत नव्हते. केंद्राचे नाव येथे देत नाही, कारण पुढे काही तक्रारी येतील आणि एका कुटुंबाच्या अनुभवावरून कुणाच्या धंद्यावर शिक्का मारणे मला योग्य वाटत नाही.

केंद्राच्या पॅकेजची किंमत साडेचार हजार रुपये होती. त्यात घरी बसून मोबाइलवर द्यायची कल चाचणी, तिचा छापील अहवाल, तासाभराच्या दोन भेटी आणि तीन महिने फोनवर मार्गदर्शन, असे चार भाग होते. मराठवाडा एक्स्प्रेसचे दोघांचे भाडे आणि दुपारचे जेवण वेगळे. एवढ्या पैशात काय मिळाले, याचे माझे उत्तर असे की पहिल्या भेटीतच पैसे वसूल झाले आणि बाकी सगळ्याचे पैसे वाया गेले.

पहिली भेट ज्या गृहस्थांबरोबर झाली, ते जिल्हा सांख्यिकी कार्यालयातून निवृत्त झालेले आहेत आणि आठवड्यातून दोनच दिवस केंद्रात बसतात. त्यांनी कल चाचणीचा कागद बाजूला सारला आणि मागच्या रॅकमधून ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’ या मालिकेतले परभणी जिल्ह्याचे पुस्तक काढून मुलीसमोर ठेवले. राज्याचे अर्थ व सांख्यिकी संचालनालय अशी पुस्तके प्रत्येक जिल्ह्याची काढते. त्यात पाऊस, पिके, शाळा, बँका, रस्ते सगळे तालुकावार असते. पाच वर्षे अर्थशास्त्र शिकलेल्या मुलीने ते पुस्तक त्या दिवशी पहिल्यांदा हातात घेतले. त्यांनी तिला नऊ तालुक्यांच्या तक्त्यात सेलूच्या ओळीवर बोट ठेवायला सांगितले आणि कापसाखालचे क्षेत्र काढून दे म्हणाले. ते तिने लगेच काढले. मग त्यांनी पुस्तक मिटले आणि विचारले, “कापसाचा भाव पडला की तुझ्या बाबांच्या जिनिंगचा फायदा होतो का तोटा?”

कच्चा माल स्वस्त झाला म्हणजे फायदा, असे उत्तर मुलीने दिले. मला राहवले नाही, पण त्यांनी हाताने थांबवले आणि तिलाच आणखी विचारत राहिले. क्विंटलभर कापसातून रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, किती निघते, हे तिला ठाऊक नव्हते. ती साधारण 33 ते 35 किलो निघते, उरलेली बहुतेक सरकी, म्हणजे कापसाचे बी, असते आणि रुईची 170 किलोची एक गाठ बांधली जाते. कापूस पडतो तेव्हा रुईही पडते. त्यामुळे जिनिंगचा नफा कापसाच्या भावावर ठरत नाही, तो कापूस आणि रुई यांच्या भावांतील फरकावर, सरकीच्या दरावर आणि गोदामात जुन्या भावाने घेतलेला माल किती पडून आहे यावर ठरतो. हे सगळे मी रोज वहीत लिहितो, आणि एकाच घरात राहून माझ्या मुलीने ते मला कधी विचारले नव्हते. खरे सांगायचे तर मीही तिच्या पुस्तकात काय आहे हे कधी विचारले नव्हते.

त्यांचा पुढचा प्रश्न अधिक अवघड होता. केंद्र सरकारने 19 ऑगस्ट 2025 पासून कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क उठवले आणि ही सवलत पुढे डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. तर दिल्लीतल्या त्या अधिसूचनेचा परिणाम सेलूच्या शेतकऱ्यापर्यंत कोणत्या वाटेने पोचला, हे तिने पायरीपायरीने सांगायचे होते. या वेळी तिने घाई केली नाही. सूतगिरण्यांना बाहेरची रुई स्वस्त पडली, म्हणून त्यांनी इथली खरेदी लांबवली, म्हणून जिनिंगवाल्यांनी कापसाला हात आखडता घेतला, म्हणून शेतकरी सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, खरेदी केंद्राकडे वळला, जिथे लांब धाग्याच्या कापसाला 8110 रुपये हमीभाव होता, असे तिने सांगितले. त्यावर त्यांनी फक्त “आणि ओलावा?” एवढेच विचारले. सीसीआय आठ टक्क्यांवर ओलावा असेल तर भाव कापते आणि बारा टक्क्यांवरचा माल घेतच नाही. ऐन पावसाळी दिवाळीत वेचलेला कापूस त्यात कसा बसावा? मुलगी ओलावा विसरली होती. मी नाही विसरलो, कारण परत पाठवलेल्या गाड्या आमच्याच फाटकासमोर उभ्या राहतात.

हे सविस्तर लिहिण्याचे कारण असे की समुपदेशन म्हणून पैसे घेऊन काय करायला हवे, हे मला तेव्हा कळले. कारकिर्दीचा एकही पर्याय सांगण्याआधी त्यांनी मुलीला काय येते आणि काय येत नाही हे पाहून घेतले. पर्यायांकडे ते त्यानंतर वळले आणि तेही परीक्षांची जंत्री न वाचता, तिच्या उण्या बाजूंवर बोट ठेवत बोलले.

भारतीय आर्थिक सेवेबद्दल ते स्पष्ट बोलले. 1961 साली सुरू झालेली ही सेवा म्हणजे केंद्र सरकारचे अर्थतज्ज्ञ. परीक्षा केंद्रीय लोकसेवा आयोग घेतो, पात्रता अर्थशास्त्राची पदव्युत्तर पदवी, खुल्या गटासाठी वय 21 ते 30, लेखी परीक्षा एक हजार गुणांची आणि मुलाखत दोनशेची. मात्र 2025 च्या जाहिरातीत देशभरासाठी जागा होत्या फक्त बारा, आणि उत्तरे इंग्रजीतच लिहावी लागतात. मराठी माध्यमातून एम.ए. केलेल्या मुलीला विषय येत असूनही तीन तास इंग्रजीत लिहिण्याचा सराव नसेल, तर ती तिथेच अडते. “परीक्षा द्यायचीच असेल तर आजपासून रोज एक उत्तर इंग्रजीत लिहायचं, बाकी अभ्यास नंतर,” असे त्यांनी तिला बजावले. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची राज्यसेवा मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे, तिला अर्थशास्त्र हा वैकल्पिक विषय घेता येतो आणि उत्तरे मराठीत लिहिता येतात, म्हणून भाषेची भीती मोठी असेल तर तो रस्ता जवळचा, असेही ते म्हणाले. पण तिथली गर्दी सगळ्यांना ठाऊकच आहे.

रिझर्व्ह बँकेबद्दलचे त्यांचे बोलणे मला विशेष उपयोगाचे वाटले, कारण ‘ग्रेड बी’ या एका शब्दामागे वेगवेगळी दारे आहेत, हे आम्हाला माहीत नव्हते. सर्वसाधारण अधिकाऱ्याची जागा कुठल्याही पदवीधराला 60 टक्क्यांवर खुली आहे, तर आर्थिक व धोरण संशोधन विभागाच्या जागा अर्थशास्त्रासारख्या विषयांत 55 टक्क्यांनी एम.ए. झालेल्यांसाठी राखलेल्या असतात. 2025 मध्ये पहिल्या प्रकारच्या 83 जागा होत्या आणि दुसऱ्या प्रकारच्या 17. जागा कमी असल्या तरी स्पर्धा आपल्या विषयातल्यांशीच असते. त्या बदल्यात गणित आणि अर्थमिती, म्हणजे आर्थिक आकडेवारीचे संख्याशास्त्र, पक्की लागते. मुलीला अवकलन आठवत नव्हते. बारावीला कला शाखा, नंतर बी.ए., नंतर एम.ए., या वाटेने येणाऱ्या आपल्याकडच्या बहुतेक मुलांचे हेच दुखणे आहे, आणि ते त्यांनी न लाजवता सांगितले. त्यांच्या मते तिला सर्वांत जवळचे दार नाबार्डच्या, म्हणजे राष्ट्रीय कृषी व ग्रामीण विकास बँकेच्या, ग्रेड ए अधिकारी परीक्षेचे होते, कारण तिथे आर्थिक-सामाजिक प्रश्नांच्या जोडीला शेती आणि ग्रामीण विकास हाही भाग असतो, आणि कापूस, पतपुरवठा, पीकविमा, शेतकरी उत्पादक कंपन्या या गोष्टी सेलूच्या मुलीला पाठ करायला लागू नयेत.

प्राध्यापकीबद्दल मुलीने स्वतःच विचारले. सहायक प्राध्यापक होण्यासाठी नेट ही राष्ट्रीय किंवा सेट ही राज्याची पात्रता परीक्षा ही किमान पात्रता आहे. 1 जुलै 2023 पासून पीएच.डी. बंधनकारक राहिलेली नाही. नेट देण्याचा एक फायदा असा की जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, मिळाली तर महिना 37 हजार रुपये घेऊन संशोधन करता येते. पण सेट उत्तीर्ण होऊन वर्षानुवर्षे सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, दोन-दोन महाविद्यालयांत धावणारी माणसे त्यांच्याही ओळखीची होती आणि आमच्याही. “नेट दे, पण नेटवर संसार मांडू नको,” हे त्यांचे वाक्य मुलीने परतीच्या गाडीत दोनदा म्हणून दाखवले.

त्यांच्या जुन्या खात्यातही अर्थशास्त्राच्या पदव्युत्तरांना घेता येतील अशी सांख्यिकी सहायकासारखी पदे असतात, हे त्यांनी अगदी शेवटी आणि थोडे संकोचून सांगितले. खासगी नोकरीबद्दल मात्र ते फार बोलले नाहीत, आणि ही त्या भेटीतली खरी उणीव. जालन्याच्या बियाणे कंपन्या, लातूरच्या डाळमिला, शेंद्रा-बिडकीनचे कारखाने, सूक्ष्म पतपुरवठा संस्था या ठिकाणी अर्थशास्त्राच्या मुलीला नेमके कुठले काम मिळते, पगार किती असतो, याचे उत्तर “एक्सेल चांगलं शिक” एवढेच मिळाले. आयुष्य सरकारी कार्यालयात गेलेल्या माणसाकडून याहून अधिकाची अपेक्षा ठेवणे बरोबर नाही, पण केंद्राने त्यासाठी दुसरा माणूस ठेवायला हवा होता. ठरलेला एक तास पावणेदोन तासांवर गेला आणि जादा वेळेचे त्यांनी काही मागितले नाही.

दुसरी भेट दोन आठवड्यांनी, दुसऱ्याच समुपदेशकाबरोबर झाली. तरुण होता, बोलायला गोड होता आणि बेचाळीस पानांचा रंगीत अहवाल आम्हाला वाचून दाखवत होता. अहवाल पूर्ण इंग्रजीत. त्यातली पहिली अकरा पाने स्वभावाच्या गोलाकार आलेखांची होती आणि त्यानंतर सुचवलेल्या व्यवसायांत विमागणितज्ज्ञ, परराष्ट्र अधिकारी आणि गुंतवणूक बँकर अशी नावे होती; त्यांतल्या एकाही नावापुढे पात्रता, वयोमर्यादा किंवा पहिले पाऊल लिहिलेले नव्हते. याहून गंभीर बाब अशी की भारतीय आर्थिक सेवेसाठी कोणतीही पदवी पुरते, असे एका पानावर छापले होते. आमच्या मुलीला त्याने फरक पडला नाही, पण बाहेर बाकावर बी.ए. झालेला गंगाखेडचा एक मुलगा बसला होता आणि त्याच्या हातात याच नमुन्याचा अहवाल होता. पदवीवर चालते ती भारतीय सांख्यिकी सेवा, आणि तिथेही पदवीला संख्याशास्त्र हा विषय असावा लागतो. पहिल्या भेटीत ऐकलेले हे सगळे मुलीने त्या मुलाला बाहेर जाऊन सांगितले. अहवालातली ती चूक समुपदेशकाला दाखवली तेव्हा तो म्हणाला, “सर, रिपोर्ट सॉफ्टवेअर बनवतं.”

त्या भेटीचा शेवटचा अर्धा तास एका खासगी एम.बी.ए. महाविद्यालयाच्या माहितीपत्रकात गेला. प्रवेश आजच निश्चित केला तर फीमध्ये सवलत मिळेल, असे मुलीला वगळून मला सांगण्यात आले. मी रुईचे सौदे पाहत आलो आहे. ‘आजच’ हा शब्द कोण आणि केव्हा वापरतो हे मला कळते. फोनवरच्या मार्गदर्शनाबद्दल लिहिण्यासारखे काही नाही, कारण चार फोनपैकी एक उचलला गेला आणि त्यावरही पुन्हा त्याच महाविद्यालयाची चौकशी झाली.

निघताना मी काउंटरवर विचारले तेव्हा कळले की फक्त पहिली भेट बाराशे रुपयांत मिळते, पण ते फलकावर लिहिलेले नाही आणि कुणी आपणहून सांगत नाही. अशा केंद्रात जाणाऱ्या पालकांनी पैसे भरण्याआधी एका भेटीचा दर विचारावा, समोर बसणारा माणूस आधी काय करत होता ते विचारावे, आणि अहवाल हवा असल्यास तो मराठीत मिळेल का, हेही विचारून घ्यावे.

मुलीने नाबार्डची तयारी सुरू केली आहे आणि त्याबरोबर रोज एक उत्तर इंग्रजीत लिहिते. पहिल्या भेटीत त्यांनी तिला आणखी एक काम दिले होते: सेलूच्या बाजारातील कापसाची आवक, भाव, सरकीचा दर आणि रुईचा भाव यांची आठवड्याची नोंद ठेवायची आणि भाव का हलला याची दोन कारणे खाली लिहायची. त्यासाठी ती आता शनिवारी संध्याकाळी जिनिंगवर येते, माझी वही घेते आणि मी न लिहिलेल्या गोष्टी विचारते. मागच्या आठवड्यात सरकी चढली आणि कापूस जागचा हलला नाही; त्याचे कारण तिने ढेपेच्या, म्हणजे सरकीपासून होणाऱ्या जनावरांच्या खाद्याच्या, मागणीत शोधले आणि नोंद त्यांना पाठवली. पॅकेजमध्ये हे कुठेच नाही, तरी उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी आले: कारण एक झाले, दुसरे कुठे आहे?