एम-2 म्हणून घेतलेले 40 ब्लँक साध्या लोखंडाचे निघाले

बंद पडलेल्या कारखान्यातले, कडक करून ग्राइंड केलेले पण कधीच न वापरलेले एम-2 एचएसएसचे (धातू कापायची हत्यारे करण्याचे हाय-स्पीड स्टील) ब्लँक, म्हणजे धार न लावलेले कोरे तुकडे आहेत, असे सांगून मला 12 बाय 12 बाय 150 मिलिमीटरचे 40 नग विकण्यात आले. त्यांपासून घरच्या लेथसाठी फॉर्म टूल (ठरावीक आकार कोरणारे) आणि पार्टिंग टूल (तुकडा कापून वेगळा करणारे) करायची होती. रकमेपैकी 60 टक्के मी आगाऊ दिले आणि उरलेले 40 टक्के माल निघण्यापूर्वी. नमुन्याचा एक नग आधी आला होता, तो अस्सल होता. पुढचे वेगळे सांगायला नको.

पार्सल आले त्याच संध्याकाळी मी माल काट्यावर ठेवला आणि वजन 6 किलो 780 ग्रॅम भरले. टंगस्टन आणि मॉलिब्डेनममुळे एम-2 ची घनता दर घन सेंटिमीटरला 8.16 ग्रॅमच्या आसपास असते, साध्या पोलादाची 7.85. मायक्रोमीटरवर प्रत्येक नग बरोबर 12 मिलिमीटर दाखवत होता, म्हणजे वजन 7 किलो 50 ग्रॅम भरायला हवे होते. हा हिशेब मला येतो. तरीही काटा चुकत असेल असे म्हणून मी आकडा वहीत लिहिला आणि वही मिटली. नमुन्याचा नग हाताशी होता. तो 176 ग्रॅमचा आणि नवा 170 ग्रॅमचा, हे कळायला अर्धे मिनिट पुरले असते. ते अर्धे मिनिट मला अजून झोपू देत नाही.

मी डोळे मिटून माल घेतला, असे मात्र कोणी म्हणू नये. कानस घासून पाहिली होती आणि कडक पोलादावर घसरते तशी, काचेवरून जावी तशी ती घसरली होती. केस हार्डनिंगचे, म्हणजे फक्त वरचा थर कडक केल्याचे, जेमतेम मिलिमीटरभर जाडीचे कवच कानशीला तसेच फसवते, त्यामुळे एवढ्या परीक्षेवर विसंबू नका. नगावरच्या ग्रेडच्या ठशावर तर मुळीच नको. ठसा कोणीही मारतो.

पहिला नग ग्राइंडरला लावला तेव्हा एम-2 च्या आखूड, मंद, तांबूस ठिणग्यांऐवजी लांब, पिवळ्या, टोकाशी फुटणाऱ्या ठिणग्या उडाल्या. दोन मिलिमीटर खाली गेल्यावर कानस चावली आणि तिच्या दातांत चकचकीत कीस अडकला. मग गॉगल लावून, नगावर जाड कापड टाकून, तो व्हाइसमध्ये धरून हातोडा मारला. एम-2 असता तर तो काडकन तुटला असता. हा वाकला.

विक्रेत्याचा फोन तेव्हापासून बंद आहे. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न आला, ‘माल तर मिळाला ना?’ ही दिवाणी बाब आहे, असे सांगून मला ग्राहक तक्रार कक्षाकडे धाडले. कक्षाने प्रयोगशाळेचा अहवाल मागितला, प्रयोगशाळेने पोलिसांचे पत्र मागितले आणि पोलीस म्हणाले, तक्रारच नोंदलेली नाही तर पत्र कशाचे देणार? पैसे पाठवणाऱ्या सेवेने, व्यवहार तुम्हीच मंजूर केलात, एवढे एक वाक्य लिहून प्रकरण बंद केले. मी 7 खेपा घातल्या, दर वेळी वाकलेला नग टेबलावर ठेवला, पण तो हातात घेऊन पाहण्याची तसदी एकानेही घेतली नाही.

पावतीवर ग्रेड लिहून घ्या; माझ्या पावतीवर फक्त ‘टूल स्टील’ आहे. नमुन्याचा नग जपून ठेवा. आलेल्या मालातला कोणताही एक नग मधोमध कापून गाभ्यावर कानस चालवल्याशिवाय उरलेली रक्कम देऊ नका, विक्रेता कितीही घाई करो. हेच नग 160 तुकड्यांच्या मोठ्या लॉटमधले असल्याचे त्याने सांगितले होते, म्हणजे बाकीचे 120 अजून कुठेतरी विकले जात असतील.