चिमणीची लाकडी पेटी : दोन विणींनंतरचा अभिप्राय

गेल्या वर्षी फेब्रुवारीत ऑनलाइन मागवलेली, चिमण्यांना घरटे करायची लाकडी पेटी आमच्या कोथरूडच्या गॅलरीत दोन विणी पाहून झाली आहे, तेव्हा आता तिच्याविषयी लिहायला हरकत नाही. किंमत ४५० रुपये, बांधणी प्लायवूडची, वर उतरते छप्पर, समोर गोल भोक, भोकाखाली बसायला दांडी आणि बाहेरून लाल-पिवळा ऑइलपेंट. विक्रेत्याचे नाव देत नाही, कारण अशाच पेट्या दहा ठिकाणी दहा नावांनी विकल्या जातात आणि दोषही सगळ्यांत सारखेच आहेत. पाचपैकी अडीच तारे देतो, त्यातला एक चिमणीच्या चिकाटीचा.

खोका उघडताच आला तो रंगाचा वास. आपण म्हणतो, जाईल दोन दिवसांत. पण पक्ष्याचे श्वसन आपल्यासारखे नसते. त्याच्या फुप्फुसांना हवेच्या पिशव्यांची जोड असते आणि फुप्फुसातून हवा एकाच दिशेने वाहत राहते, त्यामुळे प्राणवायूबरोबर विषारी वाफाही तो आपल्यापेक्षा जास्त कार्यक्षमतेने शोषतो. अंड्याचे कवचही बंद भिंत नसून त्यातल्या असंख्य सूक्ष्म छिद्रांतून आतला जीव श्वास घेत असतो. घरगुती व सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० पेक्षा जास्त नसावे, असा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. या पेटीवर मात्र रंग कोणता वापरला याचा एका अक्षराने उल्लेख नाही. मी तीन आठवडे पेटी गच्चीवर उघडी ठेवली आणि भोकाच्या कडेचा रंग, जिथे चोच सतत घासणार, पॉलिशपेपरने पूर्ण काढून टाकला. साडेचारशे रुपये मोजल्यावर हे काम गिऱ्हाईकाने का करावे, हा प्रश्न राहतोच.

भोक मोजले तर ४५ मिलिमीटर भरले. चिमणीला ३२ मिलिमीटर पुरतात, त्याहून मोठे भोक म्हणजे साळुंकीला आमंत्रण. दांडीची चिमणीला गरज नसते. तिचा उपयोग झालाच तर कावळ्याला होतो. दांडी उपटली आणि ओळखीच्या सुताराकडून भोकावर ३२ मिलिमीटरची पट्टी बसवून घेतली. छप्पर बिजागरीवर उघडते, ही मात्र या पेटीची खरोखर चांगली बाजू, कारण त्यामुळे साफसफाई सोपी होते.

सोबत आलेल्या तीन ओळींच्या पत्रकावर मात्र माझा खरा राग आहे. पहिली ओळ म्हणते, ‘वर्षभरात केव्हाही टांगा, रात्री सुंदर दिसावी म्हणून शेजारी दिवा लावा.’ चिमणीच्या शरीराला हंगाम कळतो तो दिवसाच्या लांबीवरून, आणि तीही डोळ्यांनी नव्हे. अमेरिकेत जीवशास्त्रज्ञ मायकेल मेनाकर आणि सहकाऱ्यांनी १९७० च्या सुमारास केलेल्या प्रयोगांत काही चिमण्यांच्या डोक्यावरची पिसे उपटली, तर काहींच्या डोक्याच्या कातडीखाली काळी शाई टोचली. मंद प्रकाशात पहिल्यांची वृषणे वाढली, शाईवाल्यांची वाढली नाहीत. कवटीतून झिरपणारा प्रकाश मेंदूतल्या ग्राहकपेशी टिपतात, तिथून मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीला निरोप जातो आणि एरवी टाचणीच्या डोक्याएवढी झालेली जननेंद्रिये हंगामात शेकडो पटींनी फुगतात. उडायला हलके राहायचे तर हे ओझे वर्षभर वाहणे परवडत नाही. पुण्यात दिवस सुमारे ११ तासांपासून १३ तासांपर्यंत बदलतो, एवढ्याशा फरकावर हा हिशेब चालतो, आणि आपण त्यात रात्री अकरापर्यंत एलईडीची भर घालतो. जर्मनीत ब्लॅकबर्ड पक्ष्यांवर झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रात्रीच्या अवघ्या ०.३ लक्स (म्हणजे चांदण्याइतक्या) प्रकाशाने नरांची वृषणे जवळजवळ महिनाभर आधी वाढलेली आढळली. आम्ही गॅलरीतला दिवा बंद केला. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात कठड्यावर बसणाऱ्या चिमण्याची फिकट तपकिरी चोच काळीभोर झालेली दिसली, तेव्हा टेस्टोस्टेरॉन या नराच्या संप्रेरकाने आपले काम केले हे दुर्बिणीशिवायही कळत होते.

दुसरी ओळ : ‘पेटीत तांदूळ ठेवा.’ तांदळाने पोट भरते, अंडे होत नाही. अंड्याचे कवच चढायला कवचग्रंथीत वीसेक तास लागतात, चिमणी रोज एक याप्रमाणे चार-पाच अंडी घालते आणि एवढे कॅल्शियम लहान पक्ष्याच्या हाडांत साठलेले नसते. ते त्याच दिवसांत खाऊन मिळवावे लागते. जुन्या वाड्यांच्या भिंतींवर चिमण्या चुना टिपत बसायच्या, तो चाळा नव्हता. आमच्या सोसायटीत चुना नाही, सगळा प्लास्टिक इमल्शन. म्हणून उकळून वाळवलेल्या अंड्यांच्या टरफलांचा चुरा बशीत ठेवला. पहिल्या दिवशी कोणी फिरकले नाही, चौथ्या दिवशी बशी रिकामी.

तिसरी ओळ वाचून मी पत्रक खाली ठेवले : ‘मुंग्या झाल्यास कीटकनाशक फवारा.’ पिले पहिले काही दिवस अळ्या आणि किड्यांवरच वाढतात, आणि फवारा नेमका तेच संपवतो. डीडीटी या कीटकनाशकाचा धडा तर याहून जुना. शरीरात त्यापासून होणारे डीडीई कवचग्रंथीतून कॅल्शियम अंड्यावर चढू देणारी यंत्रणाच अडवते. ब्रिटनमध्ये पक्षी-अभ्यासक डेरेक रॅटक्लिफ यांनी संग्रहांतली बहिरी ससाण्याची जुनी-नवी अंडी ताडून पाहिली आणि १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून कवचे पातळ झाल्याचे १९६७ मध्ये दाखवून दिले. आई उबवायला बसली की तिच्याच वजनाने अंडी फुटत होती. विष अन्नसाखळीत वर चढताना साठत जात असल्याने फटका शिकारी पक्ष्यांना जास्त बसला, दाणे टिपणाऱ्या चिमणीला कमी. पण घरट्यातच फवारा मारायला सांगणाऱ्याने निदान एवढे तरी वाचायला हवे होते. मुंग्यांसाठी मी टांगणीच्या तारेला व्हॅसलीन लावले, पुरले.

पहिली वीण एप्रिलमध्ये झाली आणि फुकट गेली. अंड्यातला जीव ३६ ते ३८ अंशांत नीट वाढतो, आणि पश्चिमेच्या गॅलरीत दुपारी तीन वाजता पेटीतल्या थर्मामीटरने ४२ दाखवले होते. पातळ प्लाय, वर गडद लाल छप्पर आणि वायुवीजनाला एकही छिद्र नाही. दुसरे काय होणार? चार अंडी तशीच राहिली. जूनमध्ये छपराखालच्या कडेला चार छिद्रे पाडून, तळाला पाण्यासाठी दोन पाडून पेटी पूर्वेच्या बाजूला स्लॅबखाली हलवली. जुलैत अंड्यांतून तीन पिले बाहेर आली. या वेळी जोडीतले दोघेही आळीपाळीने अंड्यांवर बसत, पण पोटावरची पिसे झडून उघडी पडलेली, रक्तवाहिन्यांनी गरम झालेली त्वचा मादीलाच असते, त्यामुळे तिची पाळी लांब आणि त्याची नावापुरती.

तिसरे पिलू उडालेच नाही. छप्पर उघडले तर त्याच्या पायाला नायलॉनच्या धाग्याचा वेढा होता आणि धागा घरट्यात खोल विणलेला होता. नखे कापायच्या कात्रीने सोडवल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी ते उडून गेले. यात पेटीचा दोष नाही.

सप्टेंबरमध्ये घरटे काढून वर्तमानपत्रावर पसरले : सुके गवत, केरसुणीच्या काड्या, कबुतराची पिसे, पोछ्याची दोरी, दुधाच्या पिशवीचे कोपरे, मांज्याचे तुकडे आणि दोन सिगारेटची थोटके. मेक्सिको सिटीतल्या चिमण्यांच्या घरट्यांतही थोटके सापडली आहेत आणि निकोटीनमुळे तिथे घरट्यातले बारीक परजीवी कमी झाल्याची नोंद आहे, म्हणजे कचऱ्याचाही उपयोग करून घेण्यात या पक्ष्याचा हात कोणी धरणार नाही.

यंदा आणखी एक पेटी हवी होती. बिनरंगाची, ३२ मिलिमीटर भोकाची मिळेल का, असे त्याच विक्रेत्याला कळवले. उत्तर आले, ‘हो सर, कोणता रंग पाठवू?’ पेटी सुताराकडून करून घेतली. जुन्या देवदाराच्या खोक्याच्या फळ्या, आतून न रंधलेल्या, म्हणजे पिलांना चढायला पकड मिळेल. ३०० रुपये लागले.