कोकणात डिझेल पिकअप घ्यायची: बोलेरो, योद्धा, इंट्रा की दोस्त?

शोरूममध्ये गेलेला माणूस पहिले दोन प्रश्न ठरलेले विचारतो: ॲव्हरेज किती आणि हप्ता किती. ते विचारायलाच हवेत. पण आपल्याकडे पिकअप सहा वर्षांत भंगारात जाते की बारा वर्षं कमावते, हे ठरतं हौद्यात काय भरता, कुठल्या घाटाने नेता आणि चेसीवर, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्यावर, खारं पाणी किती पडतं यावर. म्हणून इथली तुलना मालाप्रमाणे केली आहे. मच्छीवाल्याची गाडी आणि जांभ्या दगडाचे चिरे वाहणाऱ्या चिऱ्यावाल्याची गाडी एकच असू शकत नाही, असं माझं ठाम मत आहे.

कागदावरचे आकडे आधी उरकू. महिंद्रा बोलेरो पिकअपला २५२३ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन आहे. साधारण ७५ एचपी आणि २०० एनएम टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, तोही १४०० आरपीएमपासून. बोलेरोच्याच मॅक्स पिकअपच्या एचडी मॉडेलांत हाच टॉर्क २२० पर्यंत जातो. टाटा योद्धाचं इंजिन २.२ लिटरचं, १०० एचपी आणि २५० एनएम, आणि हा जोर हजार आरपीएमच्या आसपासच हाती लागतो. टाटा इंट्रा व्ही५० दीड लिटरची, ८० एचपी, २२० एनएम. अशोक लेलँडची दोस्त प्लससुद्धा दीड लिटरची, पण तीन सिलिंडरची, ८० एचपी आणि १९० एनएम. पेलोडचं, म्हणजे माल वाहण्याच्या क्षमतेचं म्हणाल तर बोलेरोत १.३ आणि १.७ टनांची मॉडेलं जास्त चालतात. योद्धा १.२ टनांपासून थेट २ टनांपर्यंत मिळते, त्यातली दोन टनी २०२२ मध्ये आली. व्ही५० आणि दोस्त प्लस दीड टनाच्या आसपास.

इथेच एक कायद्याचा मुद्दा लक्षात घ्या. गाडीचं मालासकट एकूण वजन ३००० किलोपर्यंत असेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ प्रमाणे मालवाहतुकीचं परमिट लागत नाही. व्ही५० आणि दोस्त प्लस या मर्यादेच्या आत बसतात. १.७ टनी बोलेरो आणि मोठी योद्धा तीन टनांच्या वर जातात, त्यांना परमिट काढावं लागतं. लायसन्सची काळजी मात्र आता कमी झाली आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्पष्ट केलं की हलक्या वाहनाचा परवाना असलेला चालक साडेसात टनांपर्यंतची मालवाहू गाडी चालवू शकतो.

आता मच्छी. मिरकरवाडा, हर्णै, मालवण, देवगड, कुठल्याही बंदरावर पहाटे उभे राहा आणि भरलेल्या पिकअपच्या फाळक्याखाली बघा. बर्फ वितळतो आणि ते खारट, रक्ताळलेलं पाणी फाळक्याच्या फटीतून थेंब थेंब गळत राहतं. ते पडतं मागच्या क्रॉस मेंबरवर (चेसीच्या आडव्या पट्टीवर), स्प्रिंगच्या पाट्यांच्या शॅकलवर आणि ब्रेकच्या पाइपवर. गाडी वरून धुतली तरी क्रॉस मेंबरच्या खोबणीत मीठ बसून राहतं. दोन पावसाळ्यांनी तिथे हातोडी मारून बघा, लोखंडाचे पापुद्रे सुटतात. इंजिन अजून ठणठणीत असतं, पण पासिंगला गाडी चेसीवरून अडते. मच्छीच्या धंद्यात पिकअप मरते ती अशी.

यात कुठलीही कंपनी तुम्हाला वाचवत नाही. चौघींचीही चेसी लोखंडाचीच आहे. वाचवतं ते तुम्ही पहिल्या फेरीआधी केलेलं काम. हौद्यात तळापासून वर वाकवलेला पत्रा किंवा फायबरचा डबा, पाणी बाहेर नेणारा पाइप चाकांच्या आणि पाट्यांच्या पलीकडे सोडलेला, आणि चेसीच्या आतल्या पोकळ्यांपर्यंत पोचलेलं गंजरोधक कोटिंग. डबा बसवला की त्याचं वजन पेलोडमधूनच वजा होतं, हे विसरू नका. शिवाय आपल्या हवेत मासळी टिकवायची तर मासळीइतकाच बर्फ धरावा लागतो. म्हणजे १.७ टनी गाडीतही खरी मासळी सातआठशे किलोच बसते. या हिशोबाने मच्छीसाठी दीड टनापर्यंतची गाडी घेऊच नये असं मी सांगेन. बोलेरो १.७ किंवा मोठी योद्धा, या दोघींतच निवड करा.

दोघींतून एक घ्यायची तर मच्छीवाल्याला मी बोलेरो सुचवतो, आणि त्याचं कारण इंजिन नाही. मच्छीची गाडी रात्री दोनला बंद पडली तर सकाळी सर्व्हिस सेंटर उघडेपर्यंत माल वाट बघत नाही. बोलेरोचं इंजिन ओळखणारा मेस्त्री आणि क्लच प्लेटपासून व्हील बेअरिंगपर्यंतचे सुटे भाग चिपळूण, हातखंबा, कणकवली, सावंतवाडी या पट्ट्यात सहज सापडतात. योद्धाचे भागही मिळतात, पण रात्री-अपरात्री, आडगावात मिळतील का, हे तुमच्या वाटेवरच्या गॅरेजात स्वतः विचारून घ्या. गाडी निवडण्याआधी मेस्त्री निवडा म्हटलं तरी चालेल.

चिऱ्याचं गणित वेगळं. जांभ्याचा मोठा चिरा तीस-पस्तीस किलोंचा, पावसात भिजला की आणखी जड. दीड टनात पन्नासहून जास्त चिरे नियमाने बसत नाहीत, आणि खाणीवर सत्तर-ऐंशी भरल्याशिवाय गाडी सोडणारे थोडेच. जादा भार पकडला तर कलम १९४ प्रमाणे दंड २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे आणखी २,००० रुपये आहे, शिवाय जादा माल तिथेच उतरवावा लागतो. दंड टळला तरी खाणीतून डांबरी रस्त्यावर येणाऱ्या कच्च्या चढात पाटे आणि डिफरन्शियल मार खातात. हे काम करायचं असेल तर दोन टनी योद्धा घ्या, यात मला शंका नाही. २५० एनएम टॉर्क खालच्या आरपीएमला मिळतो, त्यामुळे क्लच जाळत गाडी चढवावी लागत नाही. खाण फारच वाईट जागी असेल तर योद्धाचं फोर बाय फोर मॉडेल बघा. इंट्रा आणि दोस्त चिऱ्यासाठी घेऊ नका. दोन्ही चांगल्या गाड्या आहेत, पण हे त्यांचं काम नाही.

त्यांचं काम आंबा. पाच डझनांची लाकडी पेटी फळासकट वीस किलोंच्या आसपास भरते. दीड टनात पंचाहत्तर पेट्या आल्या, आणि एका बागेतून एका दिवशी सहसा तेवढ्याच निघतात. आंब्याला ताकदीपेक्षा लांब हौदा आणि मऊ चाल हवी, कारण खड्ड्यात आपटलेलं फळ वाशीला पोचेपर्यंत डागतं. व्ही५० चा हौदा साडेनऊ फुटांच्या पुढे आहे. वाडीतल्या पाखाडीत, गडग्यांच्या मधून वळायचं असेल तर अंगाने सुटसुटीत गाडी लागते आणि तिथे दोस्त आणि इंट्रा दोन्ही उजव्या ठरतात. डिझेलही या दोघी कमी पितात. मला दोघींत व्ही५० जास्त पटते. आंबा घेऊन कोल्हापूरच्या बाजाराला जायचं तर आंबा घाट, गगनबावडा असा एखादा घाट चढावाच लागतो, आणि तिथे २२० आणि १९० एनएममधला फरक दुसऱ्या-तिसऱ्या गियरमध्ये जाणवतो. पण तुमच्या तालुक्यात अशोक लेलँडची सर्व्हिस जवळ आणि टाटाची लांब असेल, तर हे मत बाजूला ठेवून दोस्त घ्या.

घाट उतरण्याबद्दलही बोललं पाहिजे, कारण सगळे चढाचंच विचारतात. कोल्हापूरहून भाजीपाला, साखर, पेंढा भरून खाली येताना इंजिन ब्रेक किती मिळतो ते महत्त्वाचं. मोठ्या इंजिनाच्या गाड्या गियरमध्ये जास्त धरून ठेवतात. दीड लिटरच्या गाडीत एक गियर खाली ठेवून, हळू उतरण्याची शिस्त हवी, नाहीतर ड्रम तापून ब्रेक सुटतात. न्यूट्रल करून घाट उतरणारा ड्रायव्हर असेल तर गाडी कुठलीही घ्या, किल्ली त्याच्या हातात देऊ नका.

बीएस सहाच्या, म्हणजे प्रदूषणाचा नवा नियम पाळणाऱ्या गाड्यांत आणखी एक गोष्ट आली, डीपीएफ, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेत काजळी धरणारी गाळणी. ती काजळी जाळायला गाडी सलग पंधरा-वीस मिनिटं बऱ्या वेगाने पळावी लागते. जेटी ते बर्फाचा कारखाना, बर्फाचा कारखाना ते बाजार एवढ्याच फेऱ्या मारल्यात तर गाळणी तुंबते, दिवा लागतो आणि गाडीची ताकद पडते. आठवड्यातून एकदा तरी हायवेला लांब सोडा. घेताना हेही विचारा की त्या मॉडेलला धूर स्वच्छ करणारं युरियाचं द्रावण लागतं का, आणि लागत असेल तर ते तुमच्या पंपावर मिळतं का.

इसुझू व्ही-क्रॉस, टोयोटा हायलक्स या खासगी वापराच्या पिकअपबद्दल थोडक्यात. रिसॉर्ट, फार्महाऊस, कुटुंबासह प्रवास आणि मागे थोडं सामान, असा वापर असेल तर छान गाड्या. भाड्यावर कमवायला त्या घेऊ नयेत.

जुनी घेणार असाल तर ब्रँड बाजूला ठेवा आणि आडवे होऊन खाली बघा. मच्छीवर चाललेली गाडी रंगवून आंब्याची म्हणून विकतात. ताजा काळा रंग दिसला की स्क्रूड्रायव्हरने खरवडा. २०२१ च्या जुलैत चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी चढलं, तेव्हा कितीतरी गाड्या बुडाल्या. त्या भागातली त्याआधीची गाडी असेल तर विम्याच्या दाव्यांचा इतिहास मागा, सीटखालचा गाळ आणि वायरिंगच्या जोडांवरचा हिरवा गंज तपासा.

राहिला प्रश्न कधी घ्यायची याचा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, आंबा मेअखेर संपलेला, चिऱ्याच्या खाणी पावसात बंद. हे दोन महिने गाडी दारात आणि हप्ता चालूच, म्हणून मे महिन्यात गाडी घेणं मला पटत नाही. ऑगस्टच्या हंगामासाठी जुलैत घेतली तर ओल्या हवेत कोटिंग नीट धरत नाही. दसऱ्याच्या सुमाराला घ्या. ऊन पडलेलं असतं, चेसी कोरडी करून कोटिंग दोन दिवस वाळवता येतं, मच्छीचा हंगाम चालू असतो आणि आंब्यापर्यंत गाडीची पहिली सर्व्हिसिंगही उरकते.